गोलसमोर उभी केलेली बस

ओट्यावर बसून वरई निवडत, चुलीपाशी भाकऱ्या थापत, नाहीतर गटाच्या बैठकीला एकत्र जमून रेडिओ ऐकणाऱ्या जव्हार-मोखाड्यातल्या सगळ्या बायांना माझा नमस्कार.

आज मी एका शब्दाचा इतिहास सांगणार आहे. शब्द फुटबॉलचा आहे. आता तुम्ही म्हणाल, ताई, आम्हाला कशाला हवा फुटबॉल? मलाही तसंच वाटलं होतं. पण झालं असं, की मागच्या पावसाळ्यात एका रविवारी संध्याकाळी आमच्या गटाची बैठक एका घराच्या पडवीत चालली होती. बचत गोळा करणं, वहीत लिहिणं चालू होतं. आतल्या खोलीत तीन-चार पोरं मोबाइलवर फुटबॉलची मॅच बघत होती. एकदम एक पोरगा ओरडला, "अरे, बस लावली यांनी! पूर्ण बस लावली!"

आमच्यातल्या एका काकूंना बैठक झाल्यावर जव्हारला लेकीकडे जायचं होतं. पिशवी भरूनच आल्या होत्या. त्या ताडकन उठल्या आणि पदर खोचत म्हणाल्या, "लागली का गाडी? थांबव रे तिला!"

सगळ्या हसल्या, पोरंही हसली. पण काकू काही गप्प बसणाऱ्या नव्हत्या. "गाडी नाही तर मग बस कसली लावली? नीट सांग." पोरगा सांगायला लागला आणि त्याची त्यालाच उत्तरं सापडेनात. मग मी ठरवलं, या शब्दाची माहिती काढायची. काढत गेले तेव्हा कळलं, की हा शब्द आपल्या कामाचा आहे. का, ते शेवटी सांगते.

आधी खेळ समजून घेऊ. फुटबॉलमध्ये दोन्ही संघांचे अकरा-अकरा खेळाडू असतात. खेळ ९० मिनिटांचा. दोन्ही टोकांना दोन खांब आणि वर आडवा दांडा असतो, त्याला गोल म्हणतात. हा गोल ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच असतो. म्हणजे साधारण २४ फूट रुंद आणि आठ फूट उंच. दुसऱ्याच्या गोलात चेंडू घातला की आपला एक गोल झाला.

आता आपली एसटीची गाडी डोळ्यांसमोर आणा. ती २४ फुटांहून लांब असते आणि आठ फुटांहून उंच असते. ती जर या गोलसमोर आडवी उभी केली, तर चेंडू जाणार कुठून? खालून घुसला तरच. म्हणून जेव्हा एखादा संघ गोल करायला पुढे जातच नाही आणि सगळेच्या सगळे खेळाडू आपल्या गोलसमोर दाटीवाटीने उभे राहतात, तेव्हा म्हणतात, यांनी बस उभी केली. इंग्रजीत त्याला ‘पार्क द बस’ म्हणतात. आपली पोरं म्हणतात, बस लावली.

हा शब्द इंग्रजी म्हणून जगभर पसरला, पण त्याचं माहेर इंग्लंड नाही. जोसे मोरिन्यो नावाचे एक पोर्तुगीज प्रशिक्षक २००४ मध्ये लंडनच्या चेल्सी संघाला शिकवायला आले. पोर्तुगीज म्हणजे तेच, ज्यांच्याकडून आपल्या जिल्ह्यातला वसईचा किल्ला चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये जिंकून घेतला. १९ सप्टेंबर २००४ रोजी चेल्सीचा सामना टॉटनहॅम या संघाशी झाला. चेल्सीने खूप जोर लावला, पण गोल काही झाला नाही. सामना शून्य-शून्य असा बरोबरीत सुटला. मोरिन्यो चिडले. ते म्हणाले, आमच्या पोर्तुगालमध्ये अशा खेळाला म्हणतात की यांनी बस आणली आणि गोलसमोर ठेवून दिली. दुसऱ्या दिवशी ते वाक्य वर्तमानपत्रांत आलं आणि शब्द इंग्रजीत रुजला.

म्हणजे शब्द जन्मला तो टोमणा म्हणून. आणि टोमणा मारला कोणी? ज्याच्याकडे पैसा जास्त, नावाजलेले खेळाडू जास्त, त्याने. कोणाला मारला? जो हरता हरता वाचला, त्याला. गंमत पुढे आहे. त्याच हंगामात मोरिन्योंच्या चेल्सीने इंग्लंडची स्पर्धा जिंकली, आणि ३८ सामन्यांत त्यांच्यावर झाले फक्त १५ गोल! म्हणजे स्वतःचं दार राखण्यात हेच सगळ्यांच्या पुढे होते.

दार म्हटलं तर, बसच्याही आधी या खेळाला दाराचाच शब्द होता. १९३० च्या सुमारास स्वित्झर्लंडमध्ये कार्ल रापान नावाच्या प्रशिक्षकाने बचावाची एक नवी पद्धत काढली. त्याचे खेळाडू मोठ्या संघांएवढे तयारीचे नव्हते. म्हणून त्याने बचाव करणाऱ्यांच्याही मागे आणखी एक माणूस राखीव ठेवला. पुढच्यांकडून काही सुटलं तर मागचा धरणार. या पद्धतीला तिकडे जे नाव पडलं त्याचा अर्थ आहे अडसर. आपल्या जुन्या घरांत दाराला आतून लाकडाचा आडवा दांडा घालायचे, तो अडसर. पुढे इटलीत ही पद्धत मोठी झाली. तिथलं नाव ‘कातेनाच्चो’, म्हणजे दाराची कडी. इटलीतल्या मिलान शहराच्या इंटर संघाने अशी कडी घालून १९६४ आणि १९६५ अशी लागोपाठ दोन वर्षं युरोपातली सगळ्यात मोठी स्पर्धा जिंकली.

आता याच इंटर संघाची २०१० सालची गोष्ट ऐका. तेव्हा इंटरचे प्रशिक्षक होते तेच मोरिन्यो, बसचा टोमणा मारणारे. समोर होता स्पेनचा बार्सिलोना संघ, त्या काळी जगात सगळ्यात भारी समजला जाणारा. दोन सामने व्हायचे होते, एक मिलानला आणि एक बार्सिलोनाला, आणि दोन्हींचे गोल मिळून निकाल लागणार होता. नेमका त्याच वेळी आइसलँड देशात ज्वालामुखी फुटला. आभाळात राख पसरली, विमानं बंद झाली. बार्सिलोनाच्या खेळाडूंना खरोखरच्या बसमध्ये बसून, हजार किलोमीटरच्या आसपास प्रवास करून मिलानला यावं लागलं. २० एप्रिलचा तो पहिला सामना इंटरने ३-१ असा जिंकला.

दुसरा सामना २८ एप्रिलला बार्सिलोनाला झाला. अर्धा तासही झाला नव्हता, तोच इंटरच्या एका खेळाडूला पंचांनी लाल कार्ड दाखवून बाहेर काढलं. राहिले दहा जण. तासाभराहून जास्त खेळ शिल्लक होता. मग त्या दहांनी बस उभी केली. सॅम्युएल एटो हा त्यांचा गोल करणारा मोठा खेळाडू. त्यानेही गोल करायचं सोडून मागे येऊन बचाव केला. मी मोठा, मी असलं काम का करू, असं म्हणाला नाही. बार्सिलोनाला एकच गोल करता आला. इंटर तो सामना १-० असा हरला, पण दोन्ही सामने मिळून ३-२ असा पुढे गेला. पुढे २२ मे रोजी अंतिम सामना २-० असा जिंकून त्यांनी करंडकही नेला.

यातल्या दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, इंटरने बस उभी केली ती आधी कमावलेलं राखण्यासाठी. पहिल्या सामन्यात तीन गोल केले होते, म्हणून दुसऱ्या सामन्यात राखायला काहीतरी होतं. दोन, ती बस एका संध्याकाळपुरती होती. अंतिम सामन्यात ते पुढे गेले आणि त्यांनी दोन गोल केले. नुसती बस लावून कोणी करंडक नेत नाही.

खेळाचे नियम करणाऱ्यांनाही हे ठाऊक आहे. पूर्वी फुटबॉलमध्ये पुढे असलेला संघ चेंडू सारखा मागे आपल्या गोलरक्षकाकडे ढकलायचा, तो हातात धरायचा, आणि अशीच वेळ मारून नेली जायची. १९९२ मध्ये नियम आला, की आपल्याच माणसाने मुद्दाम पायाने मागे दिलेला चेंडू गोलरक्षकाने हातात घ्यायचा नाही. आपल्या कबड्डीतही पाहा. चढाईला जाऊन निदान रेषेला न शिवता परत आलात तर बाद. आणि प्रो कबड्डीत दोन चढाया रिकाम्या गेल्या, की तिसऱ्या चढाईत गुण आणावाच लागतो, नाहीतर चढाई करणारा बाद. राखा, पण नुसतं राखत बसू नका, असं खेळच सांगतो.

आता आपल्या भाषेकडे येऊ. अशा बचावाला मराठीत शब्द आहे का? आहे, आणि तुम्ही तो रोज वापरता. नवरा कामासाठी बाहेरगावी, सासू आजारी, दोन पोरं शाळेत, शेतात लावणी. अशा वेळी बाई म्हणते, "काय सांगू बाई, एकटी खिंड लढवतेय."

ही खिंड कुठली? जुलै १६६०. शिवाजी महाराज पन्हाळगडावर सिद्दी जौहरच्या वेढ्यात अडकले होते. पावसाच्या रात्री ते निसटले आणि विशाळगडाकडे निघाले. शत्रू पाठीवर आला. वाटेत घोडखिंड होती. बाजीप्रभू देशपांडे मोजक्या मावळ्यांना घेऊन तिथे थांबले आणि महाराज पुढे गेले. महाराज गडावर पोचले की तोफांचे आवाज होतील, तोवर खिंड राखायची, अशी कथा आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. बाजीप्रभू तिथे पडले, पण महाराज गडावर पोचले होते. त्या खिंडीला आपण आज पावनखिंड म्हणतो.

आता बघा, थोड्यांनी पुष्कळांसमोर अरुंद जागा अडवून उभं राहायचं, हेच काम टॉटनहॅमने केलं, इंटरने केलं. पावनखिंडीत मरण समोर होतं आणि तिकडे खेळ होता, हा फरक फार मोठा आहे, तो मी विसरत नाही. पण शब्दांतला फरकही पाहण्यासारखा आहे. ‘बस लावली’ हा अडवल्या गेलेल्याचा शब्द आहे, म्हणून त्यात टोमणा आहे. ‘खिंड लढवली’ हा अडवणाऱ्याच्या माणसांचा शब्द आहे, म्हणून त्यात मान आहे. तेव्हा कोणी तुम्हाला आडमुठ्या म्हणालं, अडून बसल्या म्हणालं, तर आधी बघा, म्हणणारा कोणत्या बाजूला उभा आहे.

आणि खिंडीतही त्या दोन गोष्टी आहेतच. राखायला मोलाचं काहीतरी होतं, आणि वेळ ठरलेली होती. बाजीप्रभूंना जन्मभर खिंडीत राहायचं नव्हतं. तोफा ऐकू येईपर्यंत राहायचं होतं.

आपल्या भागातही अशी खिंड लढवली गेली आहे. तिला अजून शंभर वर्षंही झालेली नाहीत. तेव्हा पालघर जिल्हा नव्हता, तो २०१४ मध्ये झाला. सगळा ठाणे जिल्हा होता आणि जव्हारला मुकणे राजांचं संस्थान होतं. डहाणू, उंबरगावच्या बाजूला जमीनदारांकडे वारली माणसं वेठीला राबायची. त्यात एक प्रकार होता लग्नगडी. लग्नासाठी मालकाकडून कर्ज घ्यायचं आणि ते फिटेपर्यंत त्याच्याकडे राबायचं. नवऱ्याबरोबर नवी नवरीही राबायची. कर्ज काही फिटायचं नाही. आयुष्य सरायचं.

१९४५ च्या मे महिन्यात झरी गावी आदिवासींची मोठी परिषद भरली. शामराव आणि गोदावरी परुळेकर किसान सभेच्या कामासाठी इथे आले होते. तिथे ठरलं, की वेठीला जायचं नाही आणि दिवसाला बारा आण्यांपेक्षा कमी मजुरी घ्यायची नाही. मग त्याच वर्षी पावसाळा संपता संपता गवतकापणीचा हंगाम आला. गवताचा धंदा मोठा होता. वारल्यांनी मजुरी वाढवून मागितली आणि संप केला. विळा घरात ठेवला आणि कोणी रानात गेलं नाही.

विचार करा बायांनो, ज्यांच्या घरात दोन दिवसांचं धान्य नाही त्यांनी कामावर न जाता बसून राहणं ही सोपी गोष्ट आहे का? त्यांच्याकडे पैसा नव्हता, जमीन नव्हती. होते ते फक्त हात, आणि ते हात त्यांनी एकत्र राखून धरले. एक जरी फुटला असता तरी संप मोडला असता. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्याला जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. जेठ्या गांगड आणि आणखी माणसं मारली गेली. तरी संप मोडला नाही, आणि मजुरी वाढवून मिळाली. गोदूताईंनी हे सगळं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहून ठेवलं आहे. त्या पुस्तकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ज्यांना वाचता येतं त्यांनी वाचावं, आणि बैठकीत इतरांना वाचून दाखवावं.

हा संपही हंगामापुरताच होता. गवत पिकलं, मालकाची अडचण आहे, तेव्हाच हात थांबवले. मजुरी ठरल्यावर तेच हात पुन्हा विळा घेऊन रानात गेले.

आता आमच्या गटाची गोष्ट सांगते. ही सांगताना मला बरं वाटत नाही, पण सांगायला हवी, कारण चूक माझी होती.

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी झाली. कामं बंद, बाजार बंद. आमच्या गटाची बचत बँकेत होती. मी म्हटलं, आता कोणाला कर्ज द्यायचं नाही, आहे ते राखायचं. सगळ्यांनी ऐकलं, आणि ते तेव्हा बरोबरच होतं. पुढे दोघींच्या घरी आजारपण आलं तेव्हा त्याच पैशातून दवाखाना झाला. झाकली मूठ होती म्हणून कामाला आली.

पण टाळेबंदी उठली, बाजार सुरू झाला, तरी मी मूठ उघडली नाही. मला वहीत शिल्लक बघायची सवय लागली. दर महिन्याला आकडा वाढायचा आणि मला बरं वाटायचं. कर्जाच्या रकान्यात मी सुवाच्य अक्षरात लिहायची, ‘निरंक’. कार्यशाळेत लोकांना अभिमानाने सांगायची, आमच्या गटाचा एक पैसा थकलेला नाही. थकेल कसा? दिला तर थकेल!

२०२१ च्या दिवाळीआधी आमच्यातल्याच एका बाईने बारा हजार मागितले. पावसात घराची एक भिंत बसली होती आणि वर कौलं घालायची होती. मी म्हटलं, थांबूया, अजून काही खरं नाही. बैठकीत बाकीच्याही गप्प राहिल्या. तिने पुन्हा मागितले नाहीत. दिवाळी झाली आणि ती नवऱ्याबरोबर, पोरांना घेऊन वीटभट्टीवर गेली. भट्टीच्या शेठकडून उचल घेतली होती. पावसाळा तोंडावर आला तेव्हा परत आली. हिशोबात उचल पूर्ण फिटली नव्हती, म्हणून पुढच्या वर्षीही जावं लागलं. मोठी मुलगी सातवीत होती. तिची शाळा तिथेच सुटली.

लग्नगडीची गोष्ट मी किती बैठकांत सांगितली होती! आणि बँकेत आमचे पैसे पडून असताना आमचीच बाई उचलीवर गेली.

आमचा गट कशासाठी होता? सावकाराच्या आणि शेठच्या उचलीपासून बायांना वाचवण्यासाठी. राखायच्या होत्या बाया. मी राखत बसले पैसे.

काकूंच्या त्या प्रश्नानंतर पुढच्या बैठकीत मी बसचा हा सगळा इतिहास सांगितला. गोल किती रुंद, गाडी किती लांब, मोरिन्यो कोण, सगळं. बाया हसत होत्या. ती बाईही होती. माझं बोलणं झाल्यावर ती म्हणाली, "ताई, तुमची बस उभीच होती. म्हणून मी भट्टीच्या गाडीत बसले."

कोणी हसलं नाही.

त्या दिवशी आम्ही बैठकीतच नवे नियम लिहिले. तुमच्या उपयोगाला येतील म्हणून सांगते. गटाच्या पैशातला तिसरा हिस्सा बँकेत राहील, त्याला आजारपणाशिवाय हात लावायचा नाही. ती आमची बस. बाकीचे पैसे फिरते राहतील. दिवाळीच्या आधीच्या बैठकीत पहिला प्रश्न एकच विचारायचा, यंदा उचल घ्यायचा विचार कोणाच्या घरात आहे? तिचं कर्ज सगळ्यांच्या आधी. आणि पैसे राखून ठेवायचे ठरलं, तर ते कोणत्या महिन्यापर्यंत, ते ठरावात लिहायचं. तो महिना आला की पुन्हा विचार करायचा. ठरावाखाली सगळ्यांच्या सह्या, अंगठे. नुसती माझी सही चालणार नाही.

यंदा ती बाई भट्टीवर गेली नाही. कौलं चढली. कर्जाचे आठ हप्ते आले आहेत, एक मागे राहिला आहे. वहीत आता ‘निरंक’ नाही, थकबाकी दिसते. मला त्याची लाज वाटत नाही. मुलीची शाळा मात्र परत सुरू झालेली नाही. ते काम अजून आमच्यावर आहे.

तर मैत्रिणींनो, पुढच्या वेळी पोरं मोबाइलसमोर ओरडली, "बस लावली!" तर त्यांना विचारा, कशासाठी लावली, आणि किती वाजेपर्यंत? आणि तुमच्या गटाची वही उघडाल, तेव्हा तोच प्रश्न स्वतःलाही विचारा.

आमच्या काकूंचं म्हणाल, तर त्या दिवशी त्यांची जव्हारची गाडी चुकली. पण त्या म्हणतात, एक गाडी चुकली तर चुकली, गटाची सुटली ना!

नमस्कार.